खर्र्याच्या कॅन्सरवर नेमकी गोळी कोण शोधणार?

राजेहो, रक्ताचा एक कॅन्सर असा आहे की त्यात माणूस रोज एक गोळी खाऊन वर्षानुवर्षं वावरात काम करत राहतो, पोरीचं लग्न करतो, नातू खेळवतो. फुप्फुसाच्या काही कॅन्सरवरही आता गोळ्या आल्या. आणि देशातल्या पुरुषांमध्ये ज्या कॅन्सरचा नंबर पहिला लागतो तो तोंडाचा, गालाचा, जिभेचा, हिरडीचा, त्याच्यावर अजूनही पहिलं उत्तर म्हणजे जबडा कापा आणि मग शेक (रेडिएशन) द्या, किमो द्या. काहून? २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे एका वर्षातले नवे पेशंट १ लाख ४० हजारांच्या वर आहेत, म्हणजे पेशंट कमी आहेत म्हणून कोणी लक्ष दिलं नाही असंही म्हणता येत नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, कुठंही जा, एसटीतून उतरलं की पहिला पानठेला लागतो आणि तिथं पन्नीत खर्रा घोटणं चालूच असतं. सुपारी, तंबाखू, चुना. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती कशी पाळली जाते ते सांगायची गरज नाही, आणि खर्रा तर ठेल्यावरच तयार होतो, त्याला ना कंपनी ना पाकीट. तर लोकं म्हणतात, खर्रा खाल्ला ना, मग भोगा. नाहीतर म्हणतात, संशोधन अमेरिकेत होते भाऊ, आपल्याले काय समजते त्यातलं. मला हे दोन्ही पटत नाही. विज्ञान कठीण आहे हे खरंच, ते पुढं सांगतोच, पण त्याच्या जोडीला दुसरंही एक कारण आहे की ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी हा कॅन्सर कधी आपला नव्हताच. तो आपला आहे, म्हणून त्याच्यावरचं मूळ संशोधन, अगदी प्रोटीनची क्रिस्टल (एकसारखे रेणू शिस्तीत रचून झालेला खडा) काढण्यापासूनचं, आपल्याच सरकारी पैशातून झालं पाहिजे, आणि त्याचा काही भाग विदर्भात झाला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

आता क्रिस्टल कुठून आलं मधात, तर ते सांगतो, मी केमिस्ट्री शिकवतो त्यामुळं थोडं लांबेल. पेशीत सगळी कामं प्रोटीन करतात आणि प्रोटीनचं काम त्याच्या आकारावर ठरते, कुठं खोबण आहे, कुठं उंचवटा आहे, कोणता अणू कोणाच्या समोर येतो. हा आकार साध्या मायक्रोस्कोपमधून दिसत नाही कारण प्रकाशाची लहरच अणूपेक्षा हजारो पट लांब आहे. एक्स-रेची लहर मात्र अणूंमधल्या अंतराएवढी असते. १९१२ साली जर्मनीत माक्स फॉन लाउए यांनी दाखवलं की क्रिस्टलवर एक्स-रे टाकले तर ते ठराविक दिशांनी विखुरतात, आणि पुढच्याच वर्षी ब्रॅग बापलेकांनी त्या ठिपक्यांवरून उलटं गणित करून आत अणू कुठं कुठं बसलेत ते काढलं. सुरुवातीच्या रचनांमधे आपलं रोजचं मीठ होतं. मुलगा ब्रॅग नोबेल मिळालं तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, आपल्याकडे त्या वयात पोट्टे एमपीएससीचा फॉर्म भरत असतात, असो. मिठाहून प्रोटीनपर्यंत यायला चाळीसच्या वर वर्षं गेली, १९५८ मधे केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनचा पहिला आकार काढला. कारण प्रोटीनमधे हजारो अणू, आणि मुळात प्रोटीनचा क्रिस्टल व्हायलाच तयार नसतो, एखाद्याच्या मागं लागून विद्यार्थ्याची अख्खी पीएचडी निघून जाते.

पण एकदा आकार समजला की काय होते बघा. ज्या रक्ताच्या कॅन्सरचं वर म्हटलं, सीएमएल, त्यात ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे आपसात बदलतात आणि दोन जीन जोडून एक नवंच प्रोटीन तयार होते, बीसीआर-एबीएल, जे पेशीला वाढ वाढ असं सांगतच राहते, थांबतच नाही. त्याच्या खोबणीत जाऊन बसणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत २००१ साली मंजूर झाली. खरं बोलायचं तर ही गोळी क्रिस्टल बघून बनली नव्हती, गोळी आधी सापडली आणि आकार नंतर, २००० साली, जॉन कुरियन यांच्या गटानं काढला. मग क्रिस्टलचा उपयोग काय झाला, तर ती गोळी प्रोटीनची एकच ठराविक बंद अवस्था पकडते हे त्यातून दिसलं आणि म्हणून ती दुसऱ्या प्रोटीनांना फारसा त्रास देत नाही हे समजलं. पुढं काही पेशंटमधे गोळी चालेनाशी झाली. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात ३१५ नंबरच्या जागी थ्रिओनीन हे अमिनो आम्ल जाऊन आयसोल्युसीन आलं होतं, ते मोठं, आडवं येते, आणि गोळीला धरून ठेवणारा हायड्रोजन बाँडही जातो. हे आकारावरून दिसलं तेव्हा केमिस्ट लोकांनी त्या जागेला वळसा न घालता सरळ तिच्या शेजारून जाणारा कार्बन-कार्बन ट्रिपल बाँड टाकून नवीन औषध बनवलं, पोनॅटिनिब, २०१२. ट्रिपल बाँड सरळ रेषेत असतो हे आपण अकरावीत शिकवतो आणि पोरं विचारतात सर हे कुठं कामात येते, तर इथं येते.

दुसरी गोष्ट रास नावाच्या प्रोटीनची. माणसाच्या कॅन्सरमधे रासचा बिघाड १९८२ ला सापडला आणि त्याचा आकारही त्या दशकाच्या शेवटी निघाला, पण पृष्ठभाग इतका गुळगुळीत की औषध धरायला जागाच नाही. वर्षानुवर्षं मोठमोठ्या कंपन्यांनी हात टेकले. मग २०१३ साली कॅलिफोर्नियात केव्हन शोकात यांच्या गटाला के-रासच्या जी१२सी ह्या एका बिघडलेल्या रूपात, रसायन चिकटल्यावरच उघडणारी एक लपलेली खोबण क्रिस्टलमधे दिसली. २०२१ मधे सोटोरासिब ही गोळी आली. म्हणजे १९८२ ते २०२१, जवळजवळ चाळीस वर्षं, आणि ह्या मधल्या काळातलं बहुतेक मूळ काम विद्यापीठांत झालं, पब्लिकच्या पैशावर. कंपनी शेवटच्या टप्प्यावर आली आणि गोळीची अमेरिकेतली किंमत ठेवली महिन्याला १७ हजार डॉलरच्या वर.

आता आपल्या तोंडाकडे येऊ. तंबाखूत एनएनके आणि एनएनएन नावाची कॅन्सर करणारी रसायनं, नायट्रोसमाइन्स, असतात, तंबाखू वाळवताना, मुरवताना ती तयार होतात. शरीरातली एन्झाइम्स एनएनकेला शरीराबाहेर टाकायचं म्हणून तोडायला जातात आणि तोडताना त्यातून असा तुकडा निघतो की तो डीएनएतल्या ग्वानीन ह्या अक्षरावर एक मिथाइल गट चिकटवून देतो. मग पेशीची नक्कल होताना ते ग्वानीन सायटोसीनऐवजी थायमीनशी जोडी करते आणि अक्षर बदललं. ह्याच्यावर शरीराजवळ इलाज आहे, एमजीएमटी नावाचं प्रोटीन, आणि क्रिस्टलमधे त्याचं काम बघितलं की अंगावर काटा येतो, ते डीएनएच्या पिळातून बिघडलेलं अक्षर बाहेर उलटं फिरवून आपल्या खोबणीत घेते, मिथाइल काढून स्वतःच्या अंगावर घेते आणि त्यानंतर ते स्वतः कायमचं निकामी होते. एक दुरुस्ती, एक प्रोटीन खर्च. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत गालात खर्रा असला तर पेशी किती प्रोटीन बनवणार?

असे बदल साचत जातात आणि त्यात पी५३ नावाचं प्रोटीन गेलं की मग खेळ संपत येतो. पी५३ डीएनएचं नुकसान झालं की पेशीला थांबवते किंवा मारून टाकते. त्याचा डीएनएला धरलेला आकार १९९४ मधे न्यूयॉर्कमधे निकोला पाव्लेटिच यांच्या गटानं काढला आणि त्यात जे दिसलं ते फार सुंदर आहे आणि फार वाईटही: कॅन्सरच्या पेशंटमधे जे बदल पुन्हा पुन्हा सापडत होते ते नेमके त्याच जागांवर होते जिथं प्रोटीन डीएनएला धरते, २४८ नंबरचं आर्जिनीन तर थेट डीएनएच्या खाचेत बोट घालून बसलेलं असते, किंवा जिथं त्याचा सांगाडा एका झिंकच्या अणूभोवती बांधलेला असते. तोपर्यंत नुसती यादी होती की ह्या पेशंटला इथं बदल, त्या पेशंटला तिथं बदल. आकार आला आणि यादीला अर्थ आला.

गालाच्या-हिरडीच्या कॅन्सरचा जीनोम आपल्या लोकांनीच वाचलाय हेही सांगितलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय प्रकल्पातला भारताचा वाटा होता तो, नवी मुंबईचं अ‍ॅक्ट्रेक आणि बंगालमधलं कल्याणीचं एनआयबीएमजी ह्या संशोधन संस्थांनी केलेला, २०१३ मधे छापून आलं. त्यात पी५३, फॅट१, कॅस्पेज-८, नॉच१ ही जी नावं आली ती बहुतेक पेशीला आवरणाऱ्या, थांबवणाऱ्या, मारणाऱ्या जीनची आहेत. एच-रास, म्हणजे वरच्या रासचंच एक भावंड, थोड्या पेशंटमधे. आणि इथंच ती गोळीची अडचण आहे. ट्रॅक्टरचा अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर मिस्त्री काहीतरी घालून तो सोडवू शकतो, सीएमएलमधे तेच केलं, पण ब्रेकच तुटून पडला असला तर नुसतं काही अडकवून भागत नाही, तुटलेला भाग पुन्हा उभा करावा लागते. औषध बहुतेक वेळा काम थांबवते, बंद पडलेलं काम सुरू करणारं औषध बनवणं शंभर पट कठीण.

कठीण आहे, पण अशक्य आहे असं कोणी सांगू नये. पी५३ चा वाय२२०सी नावाचा एक बदल आहे, त्यात मोठं टायरोसीन जाऊन लहान सिस्टीन येते आणि प्रोटीनच्या पाठीवर एक पोकळी पडते, त्यामुळं ते इतकं कमजोर होते की शरीराच्या तापमानालाच उलगडून जाते. केंब्रिजला अ‍ॅलन फर्श्ट यांच्या गटानं क्रिस्टलमधे ती पोकळी बघितली आणि तिच्यात बसून प्रोटीनला टेकू देणारी रसायनं शोधली. त्याच विचाराचं औषध आता माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आलंय. एका बदलासाठी एवढं. मग आपल्या पेशंटमधे कोणते बदल जास्त आहेत, त्यातल्या कोणत्या प्रोटीनवर अशी पोकळी आहे, हे कोण बघणार? अमेरिकेत खर्रा नाही. तिथल्या कंपनीचा हिशोब मी वाईट म्हणत नाही, ती दुकान चालवते, पण आर्णी-घाटंजीचा रोजमजूर तिच्या हिशोबात गिऱ्हाईक म्हणून येतच नाही.

सुपारीबद्दल एक वेगळं सांगायचं आहे कारण आपल्याकडे लोकं तंबाखू सोडतात आणि साधी सुपारी धरतात आणि समजतात सुटलो. नुसती सुपारीही कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मधेच जाहीर केलंय. आधी ठेचा झोंबायला लागतो, मग गाल आतून पांढरा-कडक होतो, मग तोंडात तीन बोटं जात नाहीत. हे सबम्युकस फायब्रोसिस. होते काय, तर गालाच्या कातडीखाली कोलॅजन नावाचं धाग्यांचं प्रोटीन साचत जाते. सुपारीत तांबं बऱ्यापैकी असते आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधणारं एन्झाइम, लायसिल ऑक्सिडेज, तांब्यावरच चालते, त्याचं काम वाढते. वरून सुपारीतले टॅनिन त्या कोलॅजनला असं करतात की शरीराला ते तोडताच येत नाही. म्हणजे बांधणं जास्त, तोडणं कमी. सगळ्यांचा पुढं कॅन्सर होत नाही पण ज्यांचा होतो ते ह्याच रस्त्यानं जातात.

आणि कोलॅजनचा आकार कोणी काढला माहीत आहे का? मद्रासमधे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी, १९५४ मधे. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. स्वातंत्र्याला सात वर्षं झालेली, पैसा नाही, धड मशिनरी नाही, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या लॅब त्याच प्रोटीनच्या मागं लागलेल्या. पुढं १९६३ मधे त्यांनी जो आलेख दिला तो आजही जगात कुठंही प्रोटीनची रचना काढली की ती बरोबर आहे का हे तपासायला वापरतात. म्हणून मला कोणी म्हटलं की हे आपल्याले जमणारं काम नाही तर मी त्याच्याशी वाद घालत नाही, नुसतं रामचंद्रन नाव सांगतो. ज्या प्रोटीननं विदर्भातल्या पोट्ट्यांची तोंडं बंद केली त्याचा आकार ह्याच देशात निघाला, आणि सत्तर वर्षं झाली तरी त्या कोलॅजनला पुन्हा मऊ करणारं भरवशाचं औषध आपल्याकडे नाही.

आता माझ्याशी भांडणारे काय म्हणतात ते. पहिलं, पीएचसीत डॉक्टर नाही, सोनोग्राफीले नागपूर जावं लागते, आणि तू क्रिस्टल घेऊन बसला. हे म्हणणं खोटं नाही. खर्रा बंद होणं हाच सगळ्यात स्वस्त इलाज आहे, आणि त्याच्या खालोखाल तोंड तपासणं. केरळात शिकवलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या टॉर्चनं तोंडं बघितली, २००५ मधे निकाल आला, तंबाखू-दारूवाल्या लोकांमधे तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. ह्याला कोणती क्रिस्टल लागली? कोणतीच नाही. आशाताईंना टॉर्च द्या, ट्रेनिंग द्या आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्या, उद्यापासून चालू करा, माझा काहीच विरोध नाही. पण वीस वर्षं खर्रा खाऊन झालेला माणूस आज सोडला तरी त्याच्या पेशीतले बदल राहतात, आणि ज्याची गाठ गळ्यात उतरली त्याला टॉर्च काय करणार. शिवाय हे जे म्हणतात ना की आधी पीएचसी मग संशोधन, ते कधीच म्हणत नाहीत की आधी पीएचसी मग समृद्धी महामार्ग. गरिबाचं नाव घेऊन फक्त विज्ञानाचाच पैसा कापला जातो.

दुसरं म्हणणं नवीन आहे, की आता एआय आलं, अल्फाफोल्ड सगळे आकार सांगते, २०२४ चं केमिस्ट्रीचं अर्धं नोबेलही ते बनवणाऱ्यांना गेलं, मग क्रिस्टल कशाला. अल्फाफोल्ड जबरदस्त आहे, मी वर्गात दाखवतो. पण ते शिकलं कशावर? १९७१ पासून जगभरच्या लोकांनी मेहनतीनं काढून प्रोटीन डेटा बँकेत फुकट ठेवलेल्या रचनांवर. आणि एक अक्षर बदलल्यावर प्रोटीन किती ढिलं होते, औषध नेमकं कसं बसते, रासची ती लपलेली खोबण उघडते का, ह्यात ते अजून फसते. तुटलेल्या ब्रेकचा अभ्यास करायचा तर तुटलेला ब्रेकच बघावा लागते. हां, ती डेटा बँक मात्र खरंच सगळ्यांची आहे, दोन लाखांच्या वर रचना, पी५३ आणि डीएनएची ती १९९४ ची रचना १टीयूपी ह्या नावानं मोबाइलवर उघडते, जिओचं नेटवर्क असलं तर.

आपले प्रश्न आपण विचारले तर काय होते ह्याचं एक उदाहरण ताजं आहे. निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन, इतकं महाग की आपल्याकडे डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या फार थोड्या पेशंटला परवडते. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचारलं की एवढा डोस लागतोच का? नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, फक्त २० मिलीग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, सोबत स्वस्त गोळ्या. २०२२ मधे निकाल आला, नुसत्या गोळ्यांवर एक वर्ष जगणारे १६ टक्के होते, ह्या थोड्या डोससोबत ४३ टक्के झाले. डोस कमी करा हा प्रश्न ते औषध विकणारी कंपनी जन्मात विचारणार नाही. तो पब्लिकच्या हॉस्पिटलनंच विचारला.

मग करायचं काय, तर तंबाखूवर सरकार भरपूर टॅक्स घेते, त्यातला ठरलेला हिस्सा तोंडाच्या कॅन्सरच्या मूळ संशोधनाला द्या. नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, मेडिकल आहे, एम्स आहे, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगीची हॉस्पिटलं आहेत, पेशंट तिथं रोज येतात आणि त्यांच्या गाठीचे तुकडे तपासले जातात. पेशंटला त्याच्या भाषेत विचारून, समजावून, त्यातला भाग संशोधनाला ठेवा आणि विदर्भातल्या खर्रावाल्यांच्या गाठीत नेमके कोणते बदल आहेत ते आधी नीट मोजा. प्रोटीन बनवणं, क्रिस्टल करणं ह्याला फार मोठं मशीन लागत नाही, माणसं लागतात, आणि विद्यापीठांतल्या रिकाम्या जागा भरा म्हणून किती वर्षं बोंबलायचं. मोठा एक्स-रे लागतो तो इंदूरला आहे, इंडस-२ सिंक्रोट्रॉन, त्यात प्रोटीनसाठी वेगळी बीमलाइन आहे, नागपूरहून इंदूर मुंबईपेक्षा जवळ पडते. क्रिस्टल लिक्विड नायट्रोजनमधे गोठवून न्यायची, आणि लिक्विड नायट्रोजनचं कॅन काही आपल्याकडे अनोळखी नाही, गायीला भरवायला डॉक्टर येते तेव्हा गावातल्या लहान पोरानंही ते बघितलेलं असते.

एक अट मात्र पहिल्या दिवशी लिहून घ्या. इमॅटिनिबचं आपल्याकडे काय झालं होतं आठवा. कंपनीनं त्याच्या बीटा नावाच्या क्रिस्टल रूपावर पेटंट मागितलं, रेणू तोच, फक्त क्रिस्टलमधली मांडणी वेगळी, आणि पेशंटला महिन्याला लाखाच्या वर खर्च, जेव्हा आपल्या कंपन्या तीच गोळी आठ-दहा हजारांत देत होत्या. मद्रासच्या पेटंट ऑफिसनं २००६ मधे नाही म्हटलं आणि सुप्रीम कोर्टानं १ एप्रिल २०१३ ला पेटंट कायद्याच्या कलम ३ (डी) वर ते कायम केलं, जुन्या औषधाचं नवीन रूप आणलं तर ते जास्त गुणकारी आहे हे सिद्ध करा, नाहीतर पेटंट नाही. तेव्हा कायदा होता म्हणून वाचलो. पण औषध खरोखरच नवीन असलं तर ३ (डी) काही करू शकत नाही, आणि आपल्याच टॅक्समधून, आपल्याच माणसांच्या गाठींवरून निघालेली गोळी उद्या आपल्यालाच लाखात विकली तर बोलायला तोंड राहणार नाही. म्हणून पैसा देतानाच करारात किंमत लिहा, किंवा पेटंट सरकारकडे ठेवून बनवायचं लायसन चार-पाच कंपन्यांना द्या.

डिसेंबरमधे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. कापसाचा भाव, सोयाबीन, अनुशेष, सगळ्यांचे मोर्चे निघतात आणि निघालेच पाहिजेत. पण आपल्या अकरा जिल्ह्यांचे इतके आमदार तिथं बसतात, त्यातल्या एकानं तरी एवढं विचारावं की मागच्या पाच वर्षांत तंबाखूवर किती टॅक्स जमा झाला आणि त्यातला तोंडाच्या कॅन्सरच्या संशोधनाला किती रुपये गेले, आणि आकडा सभागृहात लेखी मागावा.